गारव्याचा हौद

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गडी येतो. वय चाळिशीचे. पिकअप गाडीवर पोट भरतो. गाडी त्याची स्वतःची, पण कर्ज अजून फिटायचे आहे. आंब्याचे दिवस आले की रत्नागिरीकडच्या पेट्या भरायच्या आणि आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात पोचवायच्या, हे त्याचे काम. दोन वर्षांपूर्वी त्याला सहीसुद्धा येत नव्हती. गेल्या एप्रिलात तो एक कागद घेऊन आमच्या दारी आला. कागद एका गॅरेजचा होता. त्यावर खर्चाचा अंदाज लिहिलेला होता.

"गुरुजी, मी सगळं वाचलंय," तो म्हणाला, "अक्षरं लागतात. पण अर्थ लागत नाही."

कागदावर लिहिले होते : इंटरकूलरला एसी चिलर बसविणे, मजुरीसह रुपये ३८,०००.

हकिगत अशी. गाडी भरली की घाटात ओढत नव्हती. धूर काळा टाकत होती. त्यातच त्याने मोबाईलवर अमेरिकेतल्या शर्यतीच्या गाडीचे चित्र पाहिले. ती गाडी आपल्या एसीचा गारवा माणसाला न देता इंजिनाला देते आणि वाऱ्यासारखी सुटते. गॅरेजवाला म्हणाला, "तुझ्या गाडीला एसी आहे. आपणही तसंच करू." घरात बोलणे झाले होते. बायकोच्या पाटल्या पतपेढीत ठेवायच्या, असे ठरत आले होते.

आम्ही म्हटले, "बाबा, आठ दिवस थांब."

आम्ही मॅट्रिक झालेले मास्तर. मोटारीचे कारागीर नव्हे. पण वाचता येते आणि विचारता येते. पुस्तके पाहिली. एका जुन्या फिटरला गाठले. मग तो सारा विषय आम्ही वर्गापुढेच मांडला, कारण प्रश्न एकाचा असला तरी गाड्या आणि ट्रॅक्टर आता घरोघर आहेत. तोच धडा येथे लिहीत आहोत.

पहिली गोष्ट. इंजिन काय खाते? तुम्ही म्हणाल, डिझेल किंवा पेट्रोल. ते खरे, पण अर्धेच. चुलीत लाकूड कोंबले आणि फुंकणीने वारा घातला नाही, तर काय होते? धूर होतो. इंजिनाचे तसेच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. हवेला वजन असते, हे ऐकून वर्गातले काही जण हसले. पण असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा पेटीत मावणारी हवा एक किलोहून थोडी अधिकच भरते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिनाच्या पोटात जाते. पाण्याचे नऊ टँकर नव्हेत, एक मोठा टँकर भरून हवा समजा. एका लिटरला!

म्हणजे इंजिनाचे बळ वाढवायचे तर नुसते इंधन वाढवून भागत नाही. हवाही तितकीच वाढवली पाहिजे. इंजिन मोठे केले की हवा जास्त जाते. पण मोठे इंजिन जड, महाग आणि खाणारे. मग माणसाने दुसरी युक्ती काढली. इंजिन तेवढेच ठेवायचे आणि हवा दाबून कोंबायची. पोत्यात कापूस पायाने दडपतात, तसे.

हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या दोन जाती आहेत. एक इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरते. त्याला सुपरचार्जर म्हणतात. दुसरे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरते. त्याला टर्बो म्हणतात. ट्रकच्या अंगावर 'टर्बो' लिहिलेले तुम्ही वाचले असेल, ते हेच. ही काही आजची करामत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना प्रांतात कॉनर्सव्हिल गावी रूट्स आडनावाचे दोन भाऊ होते. त्यांनी १८६० साली हवा ढकलणाऱ्या यंत्राचा हक्क नोंदवला. ते यंत्र भट्ट्यांना वारा घालायला वापरत. पुढे त्याच जातीचे यंत्र मोटारीच्या इंजिनावर बसले. टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली नोंदवली. असो. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल.

आता खरी अडचण पाहा. ती समजायला सायकलचा पंप पुरेसा आहे.

वर्गात आम्ही पंप आणला. त्या गड्यालाच म्हटले, चाकात हवा भर. वीस-तीस दट्टे मारून झाले. मग म्हटले, पंपाच्या खालच्या टोकाला हात लाव. त्याने हात लावला आणि लगेच काढला. पंप तापला होता. का तापला? एक जण म्हणाला, घासून. थोडे घासून तापते, हे खरे. पण तसे असते तर सबंध नळी सारखीच तापली असती. तापतो तो मुख्यतः खालचा भाग, जेथे हवा दाबली जाते. हवा दाबली की तापते. हा सृष्टीचा नियम आहे. आपण दट्ट्यावर जे कष्ट करतो, ते हवेत उष्णता होऊन राहतात.

सुपरचार्जर हा मोठा पंपच. बाहेरची हवा ३० अंशांची असेल आणि ती दाबून निम्म्या जागेच्या आसपास कोंबायची म्हटली, तर ती १०० अंशांच्या वर तापते. पाणी उकळते १०० अंशांना. त्याहून गरम!

गरम हवा फुगते. फुगलेली हवा म्हणजे कमी वजनाची हवा. म्हणजे एका हाताने कोंबले आणि दुसऱ्या हाताने सांडले. १०० अंशांची हवा ४० अंशांवर आणली, तर तेवढ्याच जागेत आणि तेवढ्याच दाबाला सुमारे पाचवा हिस्सा जादा हवा मावते. पाचवा हिस्सा म्हणजे थोडका नव्हे. पाच पोती माप घेणाऱ्या कणगीत सहावे पोते बसले, तर शेतकऱ्याला काय वाटेल ते बघा.

पेट्रोलच्या इंजिनाला आणखी एक भय आहे. हवा फार गरम असली की पेट्रोल ठिणगी पडून शिस्तीने जळत नाही. त्यातला काही भाग मध्येच भडकतो. इंजिनातून टकटक आवाज येतो. कारागीर त्याला नॉकिंग म्हणतात. जणू पिस्टनवर हातोडीचे घाव पडतात. असे घाव जोराच्या इंजिनात चालू राहिले तर पिस्टन फुटतो, आणि मग दुरुस्ती नव्हे, नवे इंजिन. म्हणून अलीकडच्या गाडीचा संगणक हवा तापलेली दिसली की ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचते, पण बळ घटते.

तेव्हा कोंबलेली हवा इंजिनात जाण्याआधी निववली पाहिजे. चहा बशीत ओततात ना, त्यातलाच प्रकार. या निववणाऱ्या यंत्राला इंटरकूलर म्हणतात. त्याचे दोन प्रकार. पिकअप, ट्रक, बस यांत बहुधा पहिला प्रकार असतो. पुढच्या जाळीमागे पातळ पत्र्यांची चौकट असते. आतून गरम हवा जाते, बाहेरून वाटेवरचा वारा लागतो. दुसऱ्या प्रकारात मध्ये पाणी असते. गरम हवा आपला ताप पाण्याला देते, पाणी फिरत पुढच्या रेडिएटरला जाते आणि तेथे वाऱ्याला देते. हे नुसते पाणी नसते. गोठू नये आणि गंज चढू नये म्हणून त्यात औषध मिसळलेले असते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली इंग्रजांच्या स्पिटफायर विमानाला मर्लिन इंजिनाची नवी जात बसवली. तिच्यात हवा दोनदा दाबत आणि असल्याच पाण्याच्या इंटरकूलरने निववत. उंचावर हवा विरळ असते, तेथे त्या विमानाला याचा फार उपयोग झाला.

पण वाऱ्याने निववायचे यालाही हद्द आहे. बाहेर ३८ अंशांचे ऊन असेल, तर वारा पाण्याला ३८च्या खाली नेऊ शकत नाही. कितीही मोठा रेडिएटर लावा. बाजारभावापेक्षा स्वस्त माल बाजारात मिळत नाही, तसे हे. त्याहून गार पाहिजे तर गारवा तयार करावा लागतो. आणि गारवा तयार करणारे यंत्र मोटारीत आधीच असते. तेच एसी.

एसी गारवा कसा करते? डॉक्टर सुई टोचण्याआधी दंडावर स्पिरिट लावतात. दंड गार लागतो. स्पिरिट उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. माठाचे पाणी गार होते तेही असेच. माठातून पाझरलेले पाणी उडते आणि उडताना आतल्या पाण्याचा ताप नेते. एसीमध्ये पाण्याऐवजी एक पदार्थ असतो, ज्याला कारागीर नुसते 'गॅस' म्हणतात. मोटारीत पुष्कळ वर्षे वापरात असलेला एक गॅस मोकळ्या हवेत शून्याखाली २६ अंशांनाच उकळतो. म्हणजे बर्फावर ठेवला तरी उकळेल! तो उकळून उडतो तेथे गारवा होतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबला की तापतो, हे पंपाने आपल्याला शिकवलेच. तापलेला गॅस पुढच्या जाळीत वाऱ्याने निवतो, पुन्हा पातळ होतो, पुन्हा आत जाऊन उडतो. असे हे चक्र. माठाचे पाणी उडून गेले की गेले. येथे तोच गॅस पुन्हा पुन्हा वापरायचा.

फुकट मात्र काही नाही. कॉम्प्रेसर इंजिनाच्या जोरावर फिरतो. म्हणूनच घाट लागला की जुने ड्रायव्हर एसी बंद करतात. पुष्कळ गाड्यांत पाय पूर्ण दाबला की कॉम्प्रेसर थोडा वेळ आपोआप सुटतो. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० सालच्या आपल्या गाड्यांत प्रथम कारखान्यातच एसी बसवून दिले. तेव्हा तो कॉम्प्रेसर बंद करायची कळच नव्हती. नको असेल तर गाडी थांबवून, झाकण उघडून पट्टा काढायचा! श्रीमंत माणसाला कोट काढून पट्टा काढावा लागत असेल, ते दृश्य आम्हांला पाहायला आवडले असते.

आता कोणी विचारेल, इंजिनाचे बळ खाऊन गारवा करायचा आणि तोच गारवा देऊन इंजिनाचे बळ वाढवायचे, हा कसला व्यवहार? वर्गातल्या एका बाईंनी नेमके हेच विचारले. "आपलंच दूध आपल्याच गाईला पाजून दूध वाढतं का, गुरुजी?" प्रश्न बिनतोड होता. उत्तरासाठी अमेरिकेत जावे लागेल.

अमेरिकेत सरळ रस्त्यावरची एक शर्यत असते. तिला ड्रॅग शर्यत म्हणतात. दोन गाड्या शेजारी उभ्या करतात. दिवा लागला की सुटायचे. अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. वळण नाही, चढ नाही. या शर्यतींना नियम लावणारी संस्था १९५१ साली कॅलिफोर्नियात निघाली. चांगली गाडी हे अंतर दहा-बारा सेकंदांत कापते. आपले एक वाक्य बोलून होते न होते तोच शर्यत संपते.

अशा शर्यतीसाठी डॉज कंपनीने 'चॅलेंजर डेमन' नावाची गाडी केली. एप्रिल २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. अमेरिकेसाठी ३,००० आणि कॅनडासाठी ३०० गाड्याच करायचे ठरले होते. आठ सिलिंडरचे, ६.२ लिटरचे इंजिन आणि त्यावर मोठा सुपरचार्जर. पंपावर मिळणाऱ्या चांगल्या पेट्रोलवर ८०८ अश्वशक्ती, शर्यतीच्या खास पेट्रोलवर ८४०. आपल्या गड्याच्या पिकअपची शक्ती सत्तर-पंचाहत्तर. म्हणजे दहा-अकरा पिकअप एका दोरीला जुंपल्या तर जे होईल ते. ही गाडी पाव मैल ९.६५ सेकंदांत गेली.

हिच्यातच ती एसीची युक्ती होती. शर्यतीची कळ दाबली की एसीचा गॅस माणसांच्या बाजूला जात नाही. तो एका लहान डब्याकडे वळतो. इंटरकूलरचे पाणी आधी पुढच्या रेडिएटरमधून जाते. वाऱ्याने जेवढे निवेल तेवढे तेथे निवते. मग ते त्या डब्यातून जाते आणि गॅसच्या गारव्याने आणखी गार होते. तेथून ते सुपरचार्जरच्या पोटातल्या जाळीत जाते आणि कोंबलेली हवा गार करते. आत बसलेल्याला घाम फुटला तर फुटो.

क्रम नीट पाहा. आधी फुकटचा वारा, मग विकतचा गारवा. उलटा क्रम लावला असता तर गार केलेले पाणी उन्हाच्या वाऱ्यात नेऊन पुन्हा तापवले असते.

शर्यत संपली तरी काम संपत नाही. चालक इंजिन बंद करतो, पण त्या गाडीत पंखा आणि पाण्याचा पंप चालूच राहतात. सुपरचार्जरचा ताप पाण्यातून बाहेर निघत राहतो. दुसऱ्या फेरीला गाडी लवकर तयार होते. बैल सोडल्यावर त्याला सावलीत उभे करतात, तसे.

आता त्या बाईंचा प्रश्न. हिशेब करू. येथले आकडे आमचे आहेत, समजण्यापुरते ठोकळ धरलेले. पाणी तापवायचा विजेचा रॉड तुम्हांला माहीत आहे. हजार वॅटचा धरा. एवढ्या मोठ्या इंजिनाने पूर्ण जोर लावला, तर कोंबलेल्या हवेतून जी उष्णता काढावी लागते ती अशा चाळीसेक रॉडांइतकी भरते. आणि मोटारीचे एसी किती उष्णता ओढू शकते? चार-पाच रॉडांइतकी. चाळीसपुढे पाच! चाळीस जण ताटावर आणि भाकऱ्या थापायला एकटी बाई. पुरी पडेल कशी?

चालत्या वेळी पुरी पडत नाहीच. येथेच मेख आहे. भाकऱ्या आधी करून ठेवायच्या.

आपल्याकडे बारीक झऱ्याची विहीर असते. मोटार सुरू केली की पाच मिनिटांत पाणी तळाला जाते. एवढ्याशा पाण्याने दांड भिजत नाही, वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही. मग शेतकरी काय करतो? हौद बांधतो. रात्रभर थोडे थोडे पाणी हौदात साठवतो. सकाळी हौदाचे तोंड उघडले की पाणी दणक्याने वाफ्यात जाते. झरा तोच, पाणी तेवढेच. पण वेळेला एकदम मिळाले.

शर्यतीच्या गाडीत गार पाणी हाच हौद. समजा, १० लिटर पाणी आहे. ते ४० अंशांवरून ५ अंशांवर आणायला पाच रॉडांच्या ताकदीच्या एसीला सुमारे पाच मिनिटे लागतात. गाडी तेव्हा रांगेत उभी असते. इंजिनाला दुसरे काम नसते. एसीने थोडे बळ खाल्ले तर कोणाचे काय बिघडते? मग शर्यत सुटते. चाळीस रॉडांची उष्णता त्या पाण्यात उतरू लागते. तो हौद अर्ध्या मिनिटात रिता होईल. पण शर्यत दहा सेकंदांची! हौद तिसरा हिस्सासुद्धा संपत नाही आणि गाडी पलीकडच्या टोकाला पोचलेली असते.

म्हणजे हा व्यवहार बळ निर्माण करण्याचा नाही. आधी, सवडीच्या वेळी, खर्च करून ठेवायचा आणि गरजेच्या दहा सेकंदांत वसूल करायचा, असा आहे. बाई म्हणाल्या, "म्हणजे गाईला रात्री चारा घातला आणि सकाळी दूध काढलं." आम्ही म्हटले, हे आमच्यापेक्षा सोपे सांगितलेत.

अमेरिकेतले शर्यतवाले हा हौद फार दिवसांपासून दुसऱ्या रीतीने भरतात. पाण्याच्या टाकीत बर्फ टाकतात. पाच किलो बर्फ विरघळताना जेवढी उष्णता घेतो, ती आपल्या त्या दहा लिटरच्या हौदाला सहज पुरते. वर एसीचा गॅस वळवायची यातायात नाही. पण बर्फ दर फेरीला विकत आणावा लागतो. एसी गाडीतच असते. फोर्ड कंपनीनेही २००३ साली आपल्या 'लाइटनिंग' नावाच्या ट्रकच्या नमुन्यावर हीच हौदाची युक्ती दाखवली होती. एसीने टाकीतले पाणी गार करून ठेवायचे आणि चालकाला जोर हवा असेल तेव्हा ते थोडा वेळ सोडायचे.

इथपर्यंत ऐकून आमचा गडी गप्प झाला होता. मग स्वतःच म्हणाला, "गुरुजी, आपला घाट दहा सेकंदांचा नाही."

नाहीच. भरलेली गाडी चढायची तर अर्धा तास धरा. हौद कसलाही भरा, पहिल्या दोन वळणांत रिता. पुढे सारा वेळ एसी इंजिनावर लटकलेले. आता तेव्हाचा हिशेब. पिकअपचा इंटरकूलर धड असेल, तर एप्रिलच्या उन्हातही तो कोंबलेली हवा पन्नास अंशांच्या आसपास आणतो. एसी लावून ती आणखी पंधरा अंशांनी उतरवली असे समजू. हवा वाढली शेकडा पाच. सगळे जमून आले तरी पंचाहत्तरातले साडेतीन-चार घोडे वाढतील. आणि कॉम्प्रेसर फिरवायला दोन-तीन घोडे जातील. उरले काय? एखादा घोडा, तोही कागदावर. शिवाय डिझेलच्या इंजिनात नुसती हवा वाढून बळ वाढत नाही, डिझेलही वाढवावे लागते. ते वाढवायला संगणकाची मांडणी बदला, त्याचा खर्च वेगळा. मांडणी बिघडली तर इंजिन गेले. आणि ३८,००० रुपयांचे व्याज दर महिन्याला उभेच.

गॅरेजवाल्याने फसवायचे म्हणून तो कागद लिहिला, असे आम्ही म्हणत नाही. त्यानेही तेच चित्र पाहिले असेल आणि त्यालाही ते आवडले असेल. पण त्याने गाडीचे झाकण उघडून पाहिले नव्हते, ही गोष्ट मात्र आम्हांला रुचली नाही.

झाकण उघडले त्या जुन्या फिटरने. आमच्या अंगणातच. त्याने आधी इंजिन चालू करायला सांगितले आणि जोर देववला. कान लावून ऐकले. कोठूनतरी 'सूं' असा आवाज येत होता. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपला पट्टीच्या खाली चीर गेली होती. कोंबलेली हवा इंजिनात पोचण्याआधी बाहेर पळत होती. डिझेल तेवढेच, हवा कमी. म्हणून काळा धूर, म्हणून ओढ नाही. मग त्याने बॅटरी लावून पुढची जाळी पाहिली. इंटरकूलरच्या पत्र्यांत चिखल, गवताचे तुरे आणि मेलेले किडे गच्च बसले होते. वारा जायला वाट नव्हती. फुकटचा गारवा बंद आणि विकतचा गारवा बसवायला निघालो होतो.

ती जाळी कशी धुवायची तेही त्याने दाखवले. इंजिन पूर्ण निवू द्यावे. पाणी आतल्या बाजूने पुढच्या बाजूला सोडावे, म्हणजे घाण आली त्या वाटेने निघते. पाण्याची धार बारीक आणि मऊ असावी. धुलाई केंद्रातली जोराची धार जवळून मारली, तर पातळ पत्रे वाकतात आणि वाट कायमची बंद होते. खिळा किंवा तार घालून कोरू नये. ट्रॅक्टरवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मळणीच्या दिवसांत भुसा आठवड्यात जाळी भरून टाकतो.

नवा पाइप, दोन पट्ट्या आणि मजुरी मिळून ९४० रुपये झाले. फिटरने चिठ्ठीवर आकडे मांडून दिले. गड्याने चिठ्ठी हातात घेतली, ओठ हलवत प्रत्येक ओळ वाचली, बोटांवर बेरीज करून पाहिली आणि पैसे दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पेट्या भरून घाटाला लागला. दुपारी कोल्हापुरातून त्याचा निरोप आला की गाडी तिसऱ्या गिअरात चढली.